चार हजारांच्या वर

पुण्याचा पोरगा परत फोन करतो:
काका, चार हजारांच्या वर नाही जाणार मी,
कव्हर फाटलंय, दुसऱ्या बाजूला ओरखडा आहे.
मी म्हणतो, बघतो.

ही तबकडी अठ्ठ्याहत्तरपासून माझ्याकडे.
त्याआधी पर्सी होल्डनची,
वाडीपर्यंत गाडी नेणारा, रेल्वे लाइन्समधला ड्रायव्हर.
ऑस्ट्रेलियाला जाताना त्यानं
खुर्च्या, कुत्रा आणि ही
ओळखीपाळखीत वाटून टाकली.
खुर्च्या वकिलाला गेल्या.
मी त्याचा पंखा दुरुस्त केला होता, म्हणून ही मला.
कोपऱ्यात निळ्या शाईतली त्याची सही
आणि कपाचा गोल डाग.
डाग त्याचा की माझा, आता आठवत नाही.

इंग्रजी मला येत नव्हतं. आजही चार आणेच येतं.
पण साखर पेठेत आमच्या घरात तेलुगू,
गल्लीत कन्नड, शाळेत मराठी,
न कळणाऱ्या भाषेला सोलापुरात कोण घाबरतं?
गिटार सुरू झाली की मला धोटा दिसायचा
या काठापासून त्या काठापर्यंत
सूत सोडत जाणारा.

श्रीलतानं वाढदिवसाला नवी धाडली.
तीच गाणी, तेच चित्र, वजनाला जड,
मूळ टेपा धुऊनपुसून नव्यानं उतरवलेली.
लावली.
सगळेच पुढे आलेले, सगळेच एकदम बोलणारे.
लग्नाची पंगत, आणि वाढपी एकही नाही.

राजमौळीला बोलावलं.
त्यानं अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाला,
पॉलिस्टर आहे बे हे.
मग कडक भाकरी, शेंगाची चटणी
आणि तासभर नवीची निंदा.
मी तर म्हणालो, जुनीची धूळसुद्धा सुरात आहे.
हे वाक्य मला फार आवडलं,
पुढचे चार महिने मी ते
ज्याला त्याला ऐकवत होतो.

गड्ड्याच्या जत्रेला लेक आली.
माझी पाठ होती, चहा गाळत होतो.
बाबा, हे चरचरणं तुम्हाला आवडतं ना?
आवडतं की, म्हणालो.
आत्ता येतंय ऐकू?
येतंय. खमंग. कढईत मोहरी पडल्यासारखं.
ती गप्प.
मग हळूच म्हणाली,
बाबा, ही नवी लावलीय.

होटगी रोडच्या डॉक्टरनं कागदावर रेघ काढली.
सरळ चाललेली, मग एकदम खाली,
सुरुंग लावलेल्या चिमणीसारखी.
मागावर किती वर्षं?
एकतीस. जॉबर होतो.
चार हजारांच्या वर, तो म्हणाला,
काही शिल्लक नाही.

म्हणजे झांजा नाहीत.
म्हणजे त्या गायकाच्या शब्दांतला श, स, काहीच नाही.
म्हणजे ज्या धुळीचं मी एवढं कौतुक केलं
ती कधीच मागांनी झाडून नेली होती,
आणि मी रिकाम्या जागेला
मान डोलावत बसलो होतो.

त्या रात्री नवी पुन्हा लावली, एकट्यानं.
ती ओरडत नव्हती.
बहिऱ्या मामाच्या कानाशी वाकून बोलतात ना,
तशी बोलत होती.
दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्याच्या आधी
एक माणूस खालच्या आवाजात आकडे मोजतो:
एक, दोन, तीन.
इतक्या वर्षांत तो मला भेटलाच नव्हता.
जुनीवर तिथंच ओरखडा आहे.
होल्डनचा की माझा, तेही आठवत नाही.

तरी सकाळी हात जुनीकडेच गेला.
लावली नाही. नुसती सही बघितली.

फोन परत वाजतो. काका, काय ठरलं?
मी विचारतो, तुला रे,
चार हजारांच्या वर ऐकू येतं का?
पलीकडे जरा वेळ शांतता.
बरं काका, साडेचार. पण शेवटचं.